पाळलेल्या बेडकाच्या मागच्या पायाला जखम झाली आहे, दोन दिवस काही खात नाही. घरच्या घरी काय उपचार करू?

हळद लावली असेल तर आधी उठा आणि ती धुऊन काढा. बाकीचं मग वाचा.

एवढं ठासून सांगतेय कारण आमच्या घरात यावरून चार वर्षं वाद चालू आहे. आमचं गाव लांजा तालुक्यात. लावणीच्या आधी चिखलणी चालली होती आणि पॉवर टिलरच्या पात्यांत एक मोठा बेडूक सापडला. पावसाळ्यात पिवळाधमक होतो आणि ओरडताना गळ्याशी दोन निळे फुगे काढतो ना, त्यातला नर. उजव्या मांडीवरची कातडी सुपारीएवढी सोलली होती, आतलं मांस दिसत होतं. पाय मात्र तो आखडून घेत होता, म्हणून हाड शाबूत असेल असं वाटलं.

ओळखीच्या एका सर्पमित्राला फोन केला. त्याने सांगितलं, कोरडा हात लावू नका, औषध म्हणून काहीही फासू नका, स्वच्छ ओल्या कापडावर अंधारात ठेवा. मी टबात धुतलेल्या सुती धोतराचा तुकडा भिजवून पसरला, वर मच्छरदाणी बांधली आणि टब पडवीत ठेवला. गुरांच्या डॉक्टरांनाही विचारलं. बेडूक कधी तपासला नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

रात्री आमच्या भाऊजींनी (माझे धाकटे दीर) त्या जखमेवर हळद आणि खोबरेल कालवून लावली. मनात वाईट काही नव्हतं, बैलाच्या खांद्याला लावतात तशीच लावली. मी दिवा घेऊन बघायला गेले तर बेडूक अंग फुगवून पडला होता, पाय ताणलेले, अंगाला पांढरट चिकट बुळबुळ सुटलेली. विहिरीचं पाणी तांब्याने हळूहळू ओतत पाऊण तास बसले. तेल पाण्याने सहज निघत नाही, आणि चोळायची तर सोय नव्हती.

बेडकाची कातडी म्हणजे आपली कातडी नव्हे. तो तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून शोषून घेतो. श्वासही काही प्रमाणात तिच्यातूनच घेतो. तेल लावलंत की ते दार बंद. मीठ, जंतुनाशक, साबण, जे लावाल ते थेट आत जातं. सगळ्यात वाईट म्हणजे वेदना कमी करणारी, जागा बधिर करणारी मलमं. त्यातलं बेंझोकेन बेडकाला कायमचं झोपवायला वापरतात, यावरून समजा.

पहाटे तो कापडावर पोट चेपून, मांड्या पसरून बसलेला दिसला. पाणी पीत होता! मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. कापड रोज दोनदा बदललं. सहाव्या दिवशी चिखलातलं गांडूळ समोर वळवळत सोडलं, तर त्याने झडप घातली. गिळताना दोन्ही डोळे आत ओढले जातात, घास ढकलायला तेच मदत करतात. ते मी त्या दिवशी हातभर अंतरावरून पाहिलं. सतराव्या दिवशी त्याच शेताच्या बांधावर सोडला.

आणि दर गणपतीला भाऊजी आलेल्या-गेलेल्याला सांगतात, "वहिनींचा बेडूक माझ्या हळदीने बरा झाला." नाही झाला. हळद काढली म्हणून जगला. हळद माणसाला चालते, बैलाला चालते, म्हणून सगळ्यांना चालते हे गणित चूक आहे, आणि वडीलधारं कोणी सांगतंय म्हणून ते बरोबर ठरत नाही.

तुमच्या प्रश्नाबद्दल. दोन दिवस खाल्लं नाही म्हणून घाबरू नका, मोठा बेडूक त्याहून बरेच दिवस काढतो. तोंड उघडून कोंबू तर मुळीच नका. मेलेला किडा तो बघणारही नाही, हलणारं भक्ष्य लागतं. नळाचं पाणी थेट वापरू नका, त्यात क्लोरीन असतं. पसरट भांड्यात दिवसभर उघडं ठेवून मग घ्या. पोट किंवा मांड्यांची आतली बाजू लाल दिसायला लागली, अंग पाणी भरल्यासारखं फुगलं, किंवा उलटा ठेवल्यावर सरळ होत नसेल, तर घरचे उपाय संपले. लाली बहुधा रक्तात गेलेल्या जंतूंची असते, तिला डॉक्टरने ठरवलेलं औषधच लागतं. शहरात पक्षी आणि कासवं तपासणारे डॉक्टर शोधा, तेच बेडूक हाताळतात.

हे मी आधी सांगायला हवं होतं: बेडूक शेतातून किंवा ओढ्यावरून आणलेला असेल तर तो पाळू नका. आमच्याकडे आला तो मोठा बेडूक 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतो. मीही तेव्हा वनखात्याला कळवायला हवं होतं, ते राहिलं. महाराष्ट्रात 1926 वर फोन लागतो. दुकानातून आणलेला परदेशी असेल तर उलट, बरा झाल्यावर बाहेर सोडू नका. त्याच्या अंगावरची बुरशी इथल्या बेडकांना लागू शकते. हात लावण्याआधी ओले करा, नंतर साबणाने धुवा.

जमलं तर फोटो टाका. वरून नको, काचेच्या भांड्यात ठेवून खालून घ्या, म्हणजे पोट आणि मांड्या दिसतील.