शाळा म्हणते थेरपी लावा, पण पैसे कोणाचे?

जून उजाडला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी ‘मूल कधी बोलेल?’ असं विचारणारे विशेष गरजा असलेल्या मुलांचे पालक ‘थेरपीचा खर्च कोणी करायचा?’ असं विचारू लागतात. त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा भांडुपला महापालिकेच्या शाळेत दुसरीत आहे. त्याला ऑटिझम आहे. विशेष शिक्षिका अधूनमधून येतात, पण स्पीच थेरपी मिळत नाही. ती मोफत मिळायला हवी ना?

हवी, आणि तुम्ही ती मागायलाही हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आहे. कलम १६ प्रमाणे शाळेने त्याला लागेल तो आधार द्यायचा आहे. मात्र ‘शाळेने स्पीच थेरपिस्ट नेमावा’ असं कायद्यात शब्दशः कुठेच नाही, आणि घोडं तिथेच पेंड खातं. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी शालेय शिक्षण योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे. त्यात तपासणी, साहित्य, थेरपी सगळं बसवायचं. मुंबईत एवढ्यात किती सत्रं होतील, हा हिशोब तुम्हालाही जमेल.

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तराची वाट बघत घरी मात्र बसू नका. नायर, केईएम, सायन या रुग्णालयांत केसपेपर काढून स्पीच थेरपी मिळते. बांद्रा रेक्लमेशनला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची ‘अली यावर जंग’ राष्ट्रीय संस्था आहे, तिथे उत्पन्नाचा दाखला दिल्यास शुल्कात सवलत मिळते. रांग मोठी असते हे खरं, पण तिथली माणसं हे काम रोज करतात.

प्रश्न : मुलगी पश्चिम उपनगरात खासगी शाळेत सीनियर केजीत आहे. शाळा म्हणते, ‘शॅडो टीचर (वर्गात मुलीसोबत बसणारी मदतनीस) आणि थेरपिस्ट तुमच्या खर्चाने आणा, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा.’ हे चालतं का?

‘दुसरी शाळा बघा’ हे चालत नाही. सरकारी मान्यता असलेली शाळा दिव्यांगत्वावरून प्रवेशात भेदभाव करू शकत नाही. अशी धमकी नेहमी तोंडी असते. ‘मॅडम, हे मला मेलवर लिहून द्या’ एवढं म्हणून बघा, आवाज खाली येतो.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. वर्गात मुलीला शिकता यावं म्हणून लागणारा आधार ही शाळेची जबाबदारी. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे एक आणि माध्यमिक स्तरावर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं आहे. सीबीएसई शाळांना विशेष शिक्षक नेमणं बंधनकारक आहे. थेरपिस्टकडे जाऊन घेतलेल्या उपचाराचा खर्च मात्र आज बहुतेक खासगी शाळांत पालकांच्याच खिशातून जातो. शाळा या दोन्हींची मोट बांधते आणि अख्खी पालकांच्या गळ्यात टाकते. मला हे अजिबात पटत नाही.

मग मागायचं काय? तुमच्या थेरपिस्टकडून वर्गशिक्षिकेसाठी एका पानाचं पत्र घ्या. त्यात अगदी साध्या गोष्टी हव्यात. मुलगी पहिल्या बाकावर बसेल. सूचना एका वेळी एकच. प्रश्न विचारल्यावर बाईंनी मनात दहापर्यंत आकडे मोजायचे आणि मगच पुढच्या मुलाकडे वळायचं. बाकावर चार चित्रांचं कार्ड चिकटवायचं : पाणी, शू, मदत, नको. यातल्या कशालाच शाळेला खर्च नाही, आणि आठवड्याच्या एका सत्रापेक्षा रोजच्या पाच तासांत हे जास्त काम करतं. थेरपिस्टला महिन्यातून एकदा वर्गात येऊ द्यावं, हेही लेखी मागा. स्वतः नेमायचा नाही आणि बाहेरच्यालाही फाटकाबाहेर ठेवायचं, असं दुहेरी धोरण कोणत्याही शाळेला शोभत नाही.

एवढं करूनही दाद लागली नाही, तर तुमच्या विभागाचे शिक्षण निरीक्षक आणि त्यानंतर पुण्याचे राज्य दिव्यांग आयुक्त, या क्रमाने जा.

प्रश्न : मी रिक्षा चालवतो. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. थेरपीचे पैसे विम्यातून मिळतात का?

नेहमीच्या आरोग्यविम्यात बाह्यरुग्ण थेरपी सहसा बसत नाही. तुम्ही केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्यविमा योजना घ्या. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे, त्यात ठरावीक मर्यादेत थेरपीही येते आणि आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. गरिबीरेषेखाली असाल तर नोंदणी २५० रुपये आणि नूतनीकरण ५०. इतरांना ५०० आणि २५०. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांनाच ती लागू आहे.

दावे फेटाळले जातात ते बहुधा पावतीपायी. ‘थेरपी – रु. ४,०००’ अशी एका ओळीची पावती घेऊ नका. प्रत्येक सत्राची तारीख, मुलाचं नाव, थेरपिस्टची सही आणि त्यांचा नोंदणी क्रमांक हवा. क्रमांक द्यायला कोणी कां-कूं करत असेल, तर थेरपिस्टच बदला.

प्रश्न : दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलं तर मुलीवर शिक्का बसेल, असं सासूबाईंना वाटतं.

प्रमाणपत्र तुमच्या कपाटात राहणार, ते दाखवायचं की नाही हे तुमच्या हातात. पण त्याच्याशिवाय ‘निरामय’ किंवा करातली सवलत मिळत नाही. तुम्ही दोघं नोकरी करता, तर जुन्या करपद्धतीत आयकरातली दिव्यांग अवलंबितासाठीची ७५,००० रुपयांची वजावट एकाला मिळते. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. सासूबाईंना हा आकडा सांगून बघा.

प्रश्न : नातू पाच वर्षांचा आहे. ‘कावळा’ला ‘तावळा’ म्हणतो. बाकी हुशार आहे. शाळेने थेरपी सुचवली आहे. एखादी योजना आहे का? – एक आजी, गिरगाव

आजी, अशा मुलाला ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र सहसा मिळत नाही, आणि ते बरंच आहे. आधी नायरला कान तपासून घ्या. सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं असेल तर अक्षरं नीट ऐकूच येत नाहीत. कान ठीक असतील, तर ‘क’ बसायला बहुधा थोड्याच महिन्यांचं काम असतं, तेही रुग्णालयाच्या दरात. तोवर पाहुण्यांपुढे ‘म्हण बघू कावळा’ हा कार्यक्रम बंद ठेवा.