बोनेट उघडत नाही? पहार बाजूला ठेवा

पाऊस लागला की खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा तांबडा चिखल गाडीच्या जाळीतून थेट बोनेटच्या लॉकमध्ये जाऊन बसतो. पुढे ऊन पडलं की तो वाळतो, आणि मग बोनेट उघडायचा केबिनमधला खटका ओढून थकलेल्यांचे प्रश्न यायला लागतात. या वेळी तेवढेच घेतले आहेत.

भाजी घेऊन चोर्ला घाटातून गोव्याला जातो. ऑईल बघायला खटका ओढला तर तो सैलच लागला, बोनेट जागचं हललं नाही. गॅरेजवाले म्हणतात, पत्रा वाकवून उघडावं लागेल. दुसरा मार्ग आहे की नाही? — पिकअपचालक, जांबोटी

आहे, आणि पत्र्याला पहार लावू देऊ नका. एकदा वाकलेलं बोनेट पुन्हा नीट बसत नाही, आणि बिघाड तर बहुतेक वेळा साध्या वायरीचा असतो. ही वायर सायकलच्या ब्रेकसारखीच: बाहेर नळी, आत तार. खटका तार ओढतो, तार लॉकची जीभ सरकवते. खटका सैल लागतोय म्हणजे तार कुठेतरी तुटली आहे किंवा निसटली आहे.

आधी केबिनमध्ये बघा. तार सगळ्यात जास्त तुटते ती खटक्यापाशी, तिच्या टोकाची गुंडी जिथे अडकवलेली असते तिथे. डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. नळीच्या तोंडातून तारेचं टोक बाहेर डोकावत असेल तर काम निम्मं झालं. ग्रिप प्लायरमध्ये टोक घट्ट पकडा, दुसऱ्या हातानं नळी धरून ठेवा आणि तार सरळ ओढा. त्याच वेळी कुणाला तरी बोनेटच्या पुढच्या कडेवर, लॉकच्या बरोबर वर, तळहातानं दाबायला सांगा.

तार अख्खी हातात आली तर ती पुढे तुटली आहे. मग पुढून जावं लागेल. किल्ली काढून खिशात ठेवा आणि इंजिन थंड होऊ द्या, कारण काही गाड्यांचा विजेवरचा पंखा गाडी बंद असतानाही फिरू लागतो. जाळीतून टॉर्च मारून लॉक शोधा; बहुतेक गाड्यांत ते मधोमध, वरच्या आडव्या पट्टीवर असतं. वायर ज्या बाजूला ओढते त्याच दिशेनं जीभ सरकवायची आहे. सायकलचा जुना स्पोक टोकाला वाकवून आकडा करा, नाहीतर लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या. रेडिएटरच्या पुढे पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायला विसरू नका. त्याच्या पातळ पत्त्यांना हत्यार लागलं की वायरीच्या खर्चात रेडिएटरचा खर्च वाढला.

हात पोचत नसेल तर आणखी एक वाट आहे. अनेक गाड्यांत ही वायर मडगार्डच्या आतून पुढे जाते. पुढच्या चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर सोडवलं की ती दिसते. तार पुढे लॉकपाशी शाबूत असेल तर तिथेच नळी कापून तार पक्कडीनं ओढता येते. वायर नाहीतरी बदलायचीच आहे. गाडी उचलावी लागली तर चाकांना दगड लावा, खाली घोडी (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही जायचं नाही.

माझा खटका सैल नाही, उलट फार जड आहे. दोघांनी मिळून ओढला तरी बोनेट सुटत नाही. — चालक, निपाणी

ओढू नका! तार अजून शाबूत आहे, अशा जोरानंच ती तुटते. लॉकमध्ये चिखल किंवा गंज आहे. बोनेटखालची रबरं आणि स्प्रिंग बोनेटला सतत वर ढकलत असतात, तो सगळा ताण लॉकच्या जिभेवर येतो. म्हणून एकानं खटका ओढून धरायचा आणि दुसऱ्यानं बोनेट खाली दाबायचं किंवा तळहातानं थापटायचं. बहुतेक वेळा एवढ्यानं सुटतं. नाही सुटलं तर जाळीतून गंज सोडवणारा स्प्रे मारा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, पुन्हा दाबा. हातोडा वापरू नका. एअरबॅग असलेल्या काही गाड्यांत धडकेचे सेन्सर त्याच भागात असतात.

उघडलं की लॉक ब्रशनं घासून केरोसीननं धुवा, वाळवा आणि थोडंसंच ग्रीस लावा. जळकं ऑईल ओतू नका. ऊसतोडीच्या दिवसांतली धूळ त्यावर चिकटून पुन्हा तेच होतं.

बोनेट उघडलं, पण आता बसत नाही. दोरीनं बांधून हायवेवर चालवली तर चालेल का? — संकेश्वर

नाही. लॉकच्या मागे जो दुसरा आकडा असतो, तो बोनेट अचानक उडू नये एवढ्यासाठी आहे. त्यावर गाडी चालवायची नसते. आणि दोरी वाऱ्यापुढे टिकत नाही. पुण्या-बंगळूर हायवेच्या वेगात वारा बोनेटखाली शिरला की ते काचेवर आपटतं आणि पुढचं काहीही दिसत नाही. गाडी जागेवर ठेवा, मेस्त्रीला तिथे बोलवा. तो येईपर्यंत लॉक वंगण लावून हातानं हलवून बघा. पुष्कळदा ते फक्त मिटलेल्या अवस्थेत अडकून बसलेलं असतं.

घाटात गाडी उकळली आणि नेमकं बोनेट अडकलं. अशा वेळी काय करायचं? — खानापूर

पांढरी वाफ असेल तर इंजिन बंद करा आणि थांबा. बोनेटची घाई नाही. उघडलं असतं तरी रेडिएटरचं झाकण गरम असताना काढायचंच नव्हतं. पण काळा धूर किंवा वायर जळल्याचा वास आला तर सगळ्यांना लगेच उतरवा, लांब न्या आणि 112 ला फोन करा. तेव्हा बोनेट उचकटायच्या मागे लागू नका, आत हवा गेली की आग भडकते. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर 1033 वर मदत मिळते.

नवी वायर घरी घालता येते का? — उद्यमबाग, बेळगाव

येते. जुनी वायर काढण्याआधी तिच्या एका टोकाला मजबूत सुतळी घट्ट बांधा. वायर ओढून काढली की सुतळी तिच्या वाटेत राहते. तिलाच नवी वायर बांधून परत ओढून घ्या. कुठेही तीव्र वळण देऊ नका. केबिनच्या पत्र्यातून वायर जिथून जाते तिथलं रबर परत बसवा, नाहीतर कडेला घासून नळी कापते आणि पावसाचं पाणी पायाशी येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वायर जोडून झाली की बोनेट लगेच लावू नका. उघड्या बोनेटच्या लॉकमध्ये स्क्रू ड्रायव्हरचा दांडा वरून खाली दाबा. खट् आवाज होऊन लॉक मिटेल. मग आत जाऊन खटका ओढा. लॉक पूर्ण उघडलं पाहिजे. असं चार-पाच वेळा करा, मगच बोनेट लावा. पाऊसपट्ट्यात चालणाऱ्या गाडीला मी आणखी एक सुचवेन: लॉकच्या जिभेला बारीक पोलादी तार बांधून ती खाली, बाहेरून दिसणार नाही आणि पंख्यापर्यंत पोचणार नाही अशा जागी अडकवून ठेवा, आणि ती जागा गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.