हिटलर युथ: मुलं हाताबाहेर कशी गेली?

प्रश्न: हिटलर युथ या नाझी पक्षाच्या मुलांच्या संघटनेत असं काय होतं, की मुलं आईवडिलांनाही जुमानेनाशी झाली?

उत्तर: शिकवण्यापेक्षा गुंतवून ठेवण्यावर भर होता. दहाव्या वर्षी भरती, मग परीक्षा: ६० मीटर १२ सेकंदांत धावणं, पावणेतीन मीटर लांब उडी, २५ मीटर चेंडूफेक, शिवाय पक्षाचं गीत तोंडपाठ. पास झालं की कमरेला सुरी. एवढ्याशा पोराला ती सुरी म्हणजे मोठेपणच वाटे. तुकडीचा नायकही मुलगाच, त्यामुळे घरच्यांचा आणि शिक्षकांचा धाक उतरत गेला. गणिताच्या पुस्तकातही विष होतं: मनोरुग्णांवरच्या खर्चात किती घरं बांधता येतील, ते काढा! १९३९ मध्ये भरतीची सक्ती झाली, कवायतीचा कंटाळा वाढला; जर्मनीतल्या कोलोन शहराकडची काही मुलं ‘एडलवाइस पायरेट्स’ म्हणून टोळ्या करून हिटलर युथच्या गस्तीपथकांशी भिडू लागली.