वॉरंटी २०२८ पर्यंत आहे, तक्रारीची मुदत तोवर नाही

नागपुरात थंडी पडली की अशी पत्रं सुरू होतात. यंदाचं पहिलं मानेवाड्याहून आलं. मे २०२३ मध्ये ९ लाख ८० हजारांना घेतलेली पेट्रोल गाडी सकाळी पहिला सेल्फ मारला की मिसिंग करते, आरपीएमचा काटा वरखाली नाचतो, कधी चौकात बंदच पडते. पाच-सात मिनिटांत इंजिन गरम झालं की काही झालंच नव्हतं असं चालतं. सर्व्हिस सेंटरमध्ये चार फेऱ्या झाल्या, चारही वेळा उत्तर एकच: स्कॅनरमध्ये बिघाडाचा कोड नाही, गाडी ओके आहे. शेवटी हे गृहस्थ लिहितात, "एक्स्टेंडेड वॉरंटी मे २०२८ पर्यंत आहे, त्यामुळे घाई नाही. गाडी बदलून मिळेल का?"

घाई आहे, साहेब. तुम्ही पाठवलेलं पहिलं जॉब कार्ड, म्हणजे सर्व्हिस सेंटरने तक्रार लिहून घेतलेला कागद, ११ डिसेंबर २०२३ चं आहे आणि हे उत्तर मी नोव्हेंबर २०२५ मध्ये लिहितो आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ६९ सांगतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे यायचं. वॉरंटीचा त्याच्याशी संबंध नाही. वॉरंटी म्हणजे कंपनीने किती दिवस दुरुस्तीची जबाबदारी घेतली ते, आणि मुदत म्हणजे तुम्ही किती दिवसांत भांडायला यायचं ते. ही दोन घड्याळं वेगळी आहेत आणि दुसरं कुणी थांबवत नाही. ईमेल केल्याने थांबत नाही, शोरूमच्या मॅनेजरने "बघतो" म्हटल्याने थांबत नाही, वकिलाची नोटीस पाठवल्यानेही थांबत नाही.

मुदत नेमकी कधीपासून मोजायची यावर वाद घालता येतो. कंपनीचा वकील पहिल्या जॉब कार्डावर बोट ठेवेल. आपण म्हणू की प्रत्येक फेरीत त्यांनी दुरुस्तीचं आश्वासन दिलं, खरा नकार अलीकडचा आहे. कधी हे मान्य होतं, कधी नाही. उशीर माफ करण्याची तरतूदही त्याच कलमात आहे, पण त्यासाठी पुरेसं कारण लागतं आणि "वॉरंटी होती म्हणून थांबलो" हे कारण मी तरी आयोगापुढे लिहून देणार नाही. हातात आठवडे असताना हा जुगार खेळायचाच कशाला?

इतका वेळ गेला कसा, तेही पत्रातच आहे. दर मार्चमध्ये तुम्हाला वाटलं की गाडी सुधारली. ती सुधारली नव्हती, नागपूरचा उन्हाळा आला होता. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं आणि किती द्यायचं हे गाडीतला संगणक कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, तापमानाचा सेन्सर बघून ठरवतो. सेन्सर चुकला, हवा आत घेणाऱ्या इनटेकच्या गॅस्केटमधून जादा हवा शिरली, हवेची झडप असलेल्या थ्रॉटल बॉडीत कार्बन साचला किंवा प्लग-कॉइल थकले, की थंडीत आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असताना इंजिनाचं चालणं, बिघडतं. मे महिन्यात इथे पहाटेसुद्धा इंजिन तितकं गार होत नाही, म्हणून दोष झाकला जातो. मी मेकॅनिक नाही, पण अशा फायली वाचून एवढं कळायला लागलं आहे. नेमकं कारण कोणतं यावर पैसे कोण देणार तेही ठरतं: सेन्सर बहुधा वॉरंटीत बसतो, प्लग आणि कार्बनची सफाई बहुधा नियमित देखभालीत ढकलतात. तुमचं वॉरंटीचं पुस्तक मी पाहिलेलं नाही, ते तुम्ही वाचा.

म्हणून पहिलं काम उद्याच करा. गाडी संध्याकाळी सर्व्हिस सेंटरला नेऊन सोडा आणि जॉब कार्डावर लिहून घ्या: "रात्रभर उभी ठेवून सकाळी पहिल्या सेल्फला, मालकासमोर तपासावी." मानेवाड्याहून गरम गाडी चालवत नेऊन "बघा, थरथरते" म्हटलं तर त्यांना काय दिसणार? तुमच्या चारही फेऱ्या अशाच दुपारच्या आहेत. सकाळी काटा नाचतानाचा व्हिडिओ घ्या. त्यांनी तसं लिहून द्यायला नकार दिला तर तिथूनच ईमेल करा.

दुसरं, तक्रार दाखल करतानाच गाडीच्या तज्ज्ञ तपासणीचा अर्ज जोडा आणि ती थंडीतच व्हावी असं स्पष्ट मागा. कलम ३८ मध्ये तपासणीची सोय आहे. त्याच कलमात निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असंही लिहिलं आहे. सिव्हिल लाइन्समध्ये आयोगाच्या बाकावर तारखेसाठी ताटकळत बसलेल्या कुणालाही ते वाचून दाखवा. अर्ज रेंगाळला आणि तज्ज्ञ एप्रिलमध्ये आला, तर "दोष आढळला नाही" हा अहवाल तुमच्याच पदरात पडेल.

गाडी बदलून मिळण्याची आशा कमीच ठेवा. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीत सदोष भाग बदलण्याची जबाबदारी असेल तर अख्खी गाडी बदला म्हणता येत नाही. भाग मोफत बदलून, दुरुस्तीचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई, एवढं मागणं टिकण्यासारखं आहे. मात्र मागच्या जानेवारीत मेव्हण्याच्या ओळखीच्या गॅरेजात थ्रॉटल बॉडी खोलून घेतलीत, आणि बिलही घेतलं नाहीत! कंपनी याचा मुद्दा करणारच. लपवू नका, तक्रारीत आपणहून लिहा.

गाडीची किंमत ५ ते १० लाखांच्या टप्प्यात असल्याने फी २०० रुपये. तुम्ही इथे राहता म्हणून तक्रार नागपूरच्या जिल्हा आयोगातच चालेल, ऑनलाइनही भरता येते. डीलर आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा, म्हणजे तक्रार दोघांविरुद्ध लावा. आरसी कुणाच्या नावावर आहे ते पत्रात नाही. मुलाच्या नावावर असेल तर तक्रार त्याच्या नावाने, दुकानाच्या नावावर असेल तर आधी मला कळवा. हरवलेल्या दोन जॉब कार्डांच्या प्रती सर्व्हिस सेंटरकडे लेखी मागा, पण त्यांची वाट बघत बसू नका, त्या नंतरही जोडता येतील. पहिल्या जॉब कार्डापासून दोन वर्षं ११ डिसेंबरला भरतात, त्या दिवशी गुरुवार आहे. मी तुमच्या जागी असतो तर त्याच्या आदल्या आठवड्यातच तक्रार भरून पावती खिशात घातली असती.