संगणक-शंका : आर्ग्युमेंटला नाव हवं का?

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून छोटी कंपाइल्ड भाषा (प्रोग्राम चालवण्याआधी मशीनच्या भाषेत उतरवणारी) बनवतोय. फंक्शन कॉल करताना आर्ग्युमेंटचं, म्हणजे त्याला दिलेल्या प्रत्येक आकड्याचं, नाव लिहिता यावं, असं मला वाटतं. मित्र म्हणतो, त्यानं प्रोग्राम स्लो होतो, ही पायथॉनवाल्यांची चैन आहे. सर, काय करू?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : स्लो बिलकूल होत नाही. कोणतं नाव कितव्या जागेचं, हे कंपायलर (भाषांतर करणारा प्रोग्राम) आधीच लावून टाकतो. प्रोग्राम चालताना त्या नावाचा मागमूसही नसतो. आणि पायथॉन यायच्या आधी, १९८३च्या एडा या भाषेत ही सोय होती. एडा कंपाइल्डच.

मी लातुरात अडत दुकानांची हिशोबाची सॉफ्टवेअर लिहितो. सोयाबीनची पट्टी (शेतकऱ्याच्या हिशोबाची पावती) काढणाऱ्या फंक्शनला वजन, भाव, हमाली, तोलाई असे आकडे द्यावे लागतात. आता हमालीच्या जागी तोलाई गेली, तर कपातीची बेरीज तीच. शेतकऱ्याची पट्टी बरोबर, टेस्ट पास, आणि हप्त्यानं हमाल मंडळी दुकानाच्या पायरीवर! कॉलमध्येच ‘हमाली:’, ‘तोलाई:’ लिहिलेलं असलं की ही अदलाबदल होतच नाही. हमाली-तोलाईचे वेगवेगळे टाइप (डेटाचे प्रकार) करा, म्हणजे अदलाबदल कंपायलरच पकडेल, असं सांगणारे भेटतील. दोन्ही रुपयेच आहेत की ओ. हमालीसाठी स्वतंत्र टाइप कोण करत बसतंय?

खरी अडचण वेगळीच आहे. नाव एकदा बाहेर दिसलं की ते बदलता येत नाही. सी शार्प भाषेत २०१० साली ही सोय आली. तिथं लायब्ररी (इतरांनी वापरायचा तयार कोड) लिहिणाऱ्यानं पॅरामीटरचं, म्हणजे फंक्शनमधल्या त्या जागेचं, नाव बदललं, की ते नाव वापरणाऱ्याचा कोड पुढच्या खेपेला कंपाइल होत नाही. सी प्लस प्लसमध्ये तर हेडरमध्ये (फंक्शनची नुसती ओळख देणाऱ्या फाइलमध्ये) एक नाव, व्याख्येत दुसरं, किंवा नावच नाही, सगळं चालतं. तिथं आता कोणतं नाव खरं मानायचं?

तुमची भाषा नवी आहे, तुमच्यामागं हे लचांड नाही. स्विफ्ट भाषेचा मार्ग घ्या : कॉल करणाऱ्याला दिसणारं लेबल वेगळं, फंक्शनच्या आतलं नाव वेगळं. लेबल नको असेल तिथं फंक्शन लिहिणाऱ्यानं अंडरस्कोर (_) टाकायचा. आतलं नाव मग खुशाल बदला. स्विफ्टमध्ये क्रमही ठरलेलाच असतो. तोही तसाच ठेवा, म्हणजे कोणत्या आर्ग्युमेंटची किंमत आधी काढायची हा वाद उरत नाही. फंक्शन व्हेरिएबलमध्ये ठेवलं की मात्र लेबलं गळतात. स्विफ्टनंही तिथं हात टेकलेत, तुम्ही प्रोजेक्टच्या मुदतीत त्याच्या नादी लागू नका.