लेखकानेच जोडी ठरवून दिलेली असताना वाचक ऑनलाइन एवढे का भांडतात?

लेखकाने ठरवल्यावर वाद कशाला, असं तुम्ही विचारलंय. लेखकाने ठरवून काही संपत नाही हो. २०१४ मध्ये 'हॅरी पॉटर' लिहिणाऱ्या रोलिंगबाईंनी स्वतःच त्यातल्या रॉन-हर्मायनीच्या जोडीबद्दल शंका बोलून दाखवली, तर भांडण मिटायच्या ऐवजी पेटलं.

पण मला बोलायचंय ते 'ययाति'बद्दल. खांडेकरांनी १९५९ च्या त्या कादंबरीत राजा ययाति, त्याची राणी देवयानी, तिची दासी शर्मिष्ठा, तिघांनाही आपापल्या तोंडाने बोलायला लावलंय. ज्याचं बोलणं आपल्याला पटलं, त्याच्या बाजूने आपण भांडतो.

माझी आक्का शर्मिष्ठा-ययातीच्या बाजूची. खानापूरच्या घरातली प्रत, कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेली, तिने पेन्सिलीच्या खुणांनी भरून टाकलीय. अशोकवनातल्या पानांवर तर ओळीच्या ओळी अधोरेखित. मी म्हणायचे, तो राजा, ही दासी, तिला नाही म्हणायची सोय होती कुठे? "तुला प्रेम कळतच नाही," असं ती चारचौघांत म्हणाली. मी सोळा वर्षांची होते. अजून टोचतं ते.

पुढे धारवाडला शिकताना खोलीतल्या मैत्रिणीने गिरीश कार्नाडांचं कन्नड नाटक 'ययाति' वाचायला दिलं, १९६१ चं. त्यात पुरूला, म्हणजे ययाति-शर्मिष्ठेच्या मुलाला, बायको आहे, चित्रलेखा. पुरू बापाला शापाने आलेलं म्हातारपण अंगावर घेतो आणि ही नवी सून विष घेते. त्या रात्री मला झोप लागली नाही. ययातीला सुख हवं, आणि भोगायचं दुसऱ्यांनी!

गेल्या वर्षी आमच्या वाचकांच्या ग्रुपवर मी हे लिहिलं. "मराठी कादंबरीत कानडी नाटक कशाला घुसवतेस," अशी उत्तरं आली, त्यात आक्काचंही. बेळगाव भागात राहायचं, दोन्ही भाषा येतात, आणि वाचायचं मात्र एकच, याला मी करंटेपणा म्हणते.

आता हेही खरं की चित्रलेखा कार्नाडांची स्वतःची, महाभारतात ती नाही. तिच्यावरून खांडेकरांची शर्मिष्ठा खोटी ठरत नाही. तिचा जीव होता ययातीवर, हे मी मानते. माझं भांडण त्याच्याशी आहे.

तुम्ही अशा वादात पडलात तर समोरच्याने कुठली पानं वगळलीत ते आधी बघा. आक्काची प्रत सध्या माझ्याकडे आहे. शर्मिष्ठा तान्ह्या पुरूला घेऊन नगर सोडते, त्या पानांवर पेन्सिलीची एकही खूण नाही.