लॅटिन जॅझमधल्या सॅक्सोफोनवादकाची कारकीर्द कशी घडते?

तुमचा मुलगा 17 वर्षांचा आहे, चार वर्षं अल्टो सॅक्सोफोन शिकतोय आणि सध्या त्याला लॅटिन जॅझचं, म्हणजे क्यूबासारख्या देशांतले ताल आणि जॅझ यांच्या मिश्रणाचं, वेड लागलंय, असं तुम्ही लिहिलंत. या वाटेनं गेलेला एखादा माणूस दाखवा, असंही विचारलंत. मी स्वतः अल्टो वाजवतो, थोडंफार शिकवतो. मला विचाराल तर क्यूबात वाढलेला सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेटवादक पाकितो द'रिवेरा. त्याच्याकडे नीट पाहिलं की या धंद्यातलं बहुतेक सगळं कळतं, त्यातली दुःखंसुद्धा.

पाकितोचा जन्म 1948 चा, क्यूबाची राजधानी हवानातला. वडील टीटो शास्त्रीय सॅक्सोफोन वाजवायचे, वाद्यं विकायचेही. पोरगं पाच वर्षांचं झाल्यावर त्यांनी त्याच्या हातात वळलेला छोटा सोप्रानो, म्हणजे उंच स्वराचा सॅक्सोफोन, दिला. सातव्या वर्षी सेल्मर या फ्रेंच वाद्यकंपनीनं त्याला आपला वादक म्हणून करारबद्ध केलं, दहाव्या वर्षी तो हवानाच्या नॅशनल थिएटरच्या वाद्यवृंदासोबत वाजवत होता. पण या करारापेक्षा मला टीटोंनी घरात आणलेली एक तबकडी जास्त मोलाची वाटते. ती होती अमेरिकन क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या 1938 च्या न्यूयॉर्कमधल्या कार्नेगी हॉलमधल्या मैफलीची. 'कार्नेगी हॉल' हे शब्द त्या पोराला 'कार्ने इ फ्रिहोल', म्हणजे मांस आणि घेवडा, असे ऐकू आले. हा किस्सा तो आजही सांगतो. गुडमन मोझार्टही वाजवायचा आणि स्विंग, म्हणजे नाचायच्या ठेक्याचा जॅझही. त्यामुळे शास्त्रीय आणि जॅझ ही दोन वेगळी घरं आहेत, हे पाकितोला लहानपणी कुणी शिकवलंच नाही. माझ्या मते त्याची सगळी कारकीर्द तिथून निघते.

शास्त्रीय आणि जॅझनंतरची तिसरी गोष्ट त्याला गल्लीतच मिळाली, ती म्हणजे क्लावे, क्यूबन संगीताचं मूळ ताल-आवर्तन. तुमच्या मुलाला सगळ्यात जास्त अडेल ते इथे, म्हणून जरा थांबून सांगतो. 16 पर्यंत सारख्या गतीनं मोजा आणि 1, 4, 7, 11, 13 वर टाळी द्या. पहिल्या अर्ध्यात तीन टाळ्या, दुसऱ्या अर्ध्यात दोन. हे आवर्तन गाणंभर चालू राहतं. दोन लाकडी दांड्यांवर कुणी ते वाजवत नसलं तरी सगळ्यांच्या मनात ते चालूच असतं. पियानो, बास, काँगा (हातानं वाजवायचा उंच ढोल), सॅक्सोफोन, प्रत्येकाचा तुकडा त्यावर बसावा लागतो. काही गाण्यांत दोनची बाजू आधी येते, तीनची नंतर. मोजायला तीनतालाइतक्याच मात्रा आहेत म्हणून आपल्याला सोपं वाटतं, पण पहिल्या मात्रेवर येऊन विसावायची आपली सवय इथे आड येते. मी पहिल्यांदा अशा बँडबरोबर उभा राहिलो तेव्हा स्वर सगळे बरोबर होते आणि तुकडा उलट्या बाजूला पडत होता. काँगावाल्यानं वाजवणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर सहा महिने मी सॅक्सोफोन बाजूला ठेवून नुसत्या टाळ्या देत होतो.

क्रांतीनंतरच्या क्यूबात 'जॅझ' हा शब्द अडचणीचा झाला. ते साम्राज्यवाद्यांचं संगीत ठरलं. म्हणून 1967 मध्ये जो सरकारी वाद्यवृंद उभा राहिला त्याच्या नावात 'आधुनिक संगीत' आलं, जॅझ नाही. पाकितो त्याच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी. त्यातूनच 1973 मध्ये पियानोवादक चुचो वाल्देसच्या पुढाकारानं इराकेरे हा बँड निघाला. नाव योरुबा भाषेतलं, अर्थ घनदाट झाडी. या बँडनं बाता ढोल इलेक्ट्रिक गिटारशेजारी आणून बसवले. बाता हे सांतेरिया या क्यूबातल्या आफ्रिकी मुळांच्या धर्माच्या पूजेतलं वाद्य, आपल्या पखवाजासारखं दोन तोंडांचं, मांडीवर आडवं घेऊन दोन्ही हातांनी वाजवायचं. लोक इराकेरेवर नाचायचे आणि त्याच कार्यक्रमात पाकितो मोझार्टच्या सुरावटीवरचा अडाजिओ, म्हणजे संथ लयीचा तुकडा, वाजवायचा. 1977 मध्ये अमेरिकेतून एक जहाज हवानाला आलं, त्यात ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी आणि सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ हे जॅझमधले बडे वादक होते. पुढच्याच वर्षी इराकेरे न्यूयॉर्कला वाजवायला गेला, तेही कार्नेगी हॉलमध्ये. त्या दौऱ्यानंतर आलेल्या तबकडीला ग्रॅमी मिळालं.

एवढं यश असूनही 1980 मध्ये स्पेनच्या दौऱ्यावर पाकितोनं अमेरिकन वकिलातीत आश्रय मागितला. बायको आणि लहान मुलगा मागे हवानात. त्यांना बाहेर काढायला कित्येक वर्षं गेली. हे मी एका ओळीत उरकू शकत नाही. 'मोठा झाला' असं आपण सहज म्हणतो, पण त्या वर्षांत मुलगा बापाशिवाय वाढत होता. त्यानं केलं ते बरोबर की चूक, हे ठरवणारा मी कोण? पण तुमचा मुलगा त्याचं वादन ऐकेल तेव्हा ही गोष्ट त्याला माहीत असावी.

न्यूयॉर्कमध्ये त्याला आधार दिला गिलेस्पी आणि मारिओ बाउझा यांनी. बाउझा म्हणजे 1940 च्या दशकात माचितोच्या बँडमध्ये क्यूबन ताल आणि जॅझ यांची सांगड घालणारा माणूस. पाकितोची स्वतःच्या नावाची पहिली तबकडी 1981 मध्ये आली. 1988 मध्ये गिलेस्पीनं युनायटेड नेशन ऑर्केस्ट्रा काढला, त्यात तो होता. गिलेस्पी गेल्यावर तो वाद्यवृंद त्यानंच पुढे चालवला.

आता पोटापाण्याचं. त्यानं फक्त सॅक्सोफोनवर भिस्त ठेवली नाही. क्लॅरिनेट तितक्याच तयारीचं ठेवलं आणि चेंबर संगीत, म्हणजे मोजक्या वादकांसाठीचं शास्त्रीय संगीत, लिहिलं. 'आइरेस त्रोपिकालेस' ही त्याची सुषिरवाद्यांच्या पंचकासाठीची रचना जगभरचे विद्यार्थी वाजवतात. उरुग्वेतल्या पुंता देल एस्तेच्या जॅझ महोत्सवाचं संचालन केलं. स्ट्राविन्स्कीच्या 'सैनिकाची गोष्ट' या रचनेसाठी शास्त्रीय गटातलं लॅटिन ग्रॅमी त्याच्याकडे आहे आणि लॅटिन जॅझमधलंही. 2005 मध्ये अमेरिकेचा नॅशनल मेडल ऑफ आर्ट्स मिळाला.

हे आपल्याला अगदी अनोळखी नाही. गोव्याचे वादक चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून मुंबईत आले ते असेच. दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला, रात्री हॉटेलात जॅझ. कागद पाहून लगेच वाजवता येत होतं म्हणून त्यांची चूल पेटती राहिली. म्हणून मुलाला नोटेशन पक्कं करायला लावा आणि जमलं तर अल्टोच्या जोडीला क्लॅरिनेट घेऊन द्या. त्याची बोटं वेगळी पडतात, पहिलं वर्ष त्रासाचं जातं, पण वाद्यवृंदात आणि स्टुडिओत जागा त्यामुळे वाढते.

ऐकायला आधी इराकेरेची ती 1979 ची तबकडी द्या. मग 'पोर्ट्रेट्स ऑफ क्यूबा', कार्लोस फ्रान्झेत्तीनं बांधलेली. त्यात अल्टोचा आवाज किती गोल आणि स्वच्छ ठेवता येतो ते ऐकू येईल. पहिल्यांदा ऐकताना वाद्य पेटीतच राहू दे. टाळी 1, 4, 7, 11, 13 वर. तबकडी संपेपर्यंत ती चुकली नाही की मग अल्टो काढा.